मित्राच्या घरीही आपला माणूस हवाच

दोन देशांची मैत्री पक्की असेल तर दूतावास हवाच कशाला, असं हल्ली बरेच जण विचारतात. नेते एकमेकांना थेट फोन करतात, गळाभेटी घेतात. मग राजदूत काय फक्त हार-तुऱ्यांपुरता?

माझं मत बरोबर उलटं आहे. शत्रूच्या बाबतीत आपण सावध असतोच. मित्राला मात्र गृहीत धरतो, आणि घोळ तिथेच होतो.

भूतानचंच बघा. १९४९ च्या करारात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं कबूल केलं होतं. २००७ मध्ये ते कलम बदलून बरोबरीची भाषा आली. १९६८ पासून थिम्फूत आपलं कार्यालय आहे. त्यांचं चलन रुपयाशी एकास एक बांधलेलं, वीजप्रकल्प आपल्या पैशातून उभे राहिलेले, घरातला गॅससुद्धा आपल्याकडून जाणारा. यापेक्षा जवळचा मित्र आपल्याला नाही.

आणि तरी जुलै २०१३ मध्ये काय झालं? भूतानमध्ये मतदान १३ तारखेला होतं. आपण १ तारखेपासून स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान बंद केलं! आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान जिग्मे थिनले चीनच्या पंतप्रधानांना रिओमध्ये भेटले होते. त्यामुळे भूतानमधल्या बऱ्याच लोकांनी एकच अर्थ काढला, की दिल्ली शिक्षा करतेय. दिल्लीचं म्हणणं होतं की पंचवार्षिक योजना ३० जूनला संपली, म्हणून अनुदानही संपलं. हे शंभर टक्के खरं धरू. पण सिलिंडरचे पैसे मोजणाऱ्या बाईला योजनेची मुदत थोडीच दिसते? थिनलेंचा पक्ष हरला, ४७ पैकी ३२ जागा विरोधकांना गेल्या. ऑगस्टमध्ये अनुदान पुन्हा सुरू झालं, आणि संशय आणखीच वाढला.

दूतावास असतो तो नेमका अशा वेळेसाठी. "साहेब, मतदान होईपर्यंत थांबा, इथे याचा भलताच अर्थ निघेल," हे दिल्लीला सांगणं हे राजदूताचं काम. आणि ते ऐकणं हे दिल्लीचं काम. यातलं एक जरी चुकलं तरी कित्येक वर्षांची कमाई बारा दिवसांत खर्च होते.

आता दुसरी बाजू. भूतानचे चीनशी राजनैतिक संबंधच नाहीत. २०१७ मध्ये चीनने डोकलाममध्ये रस्ता बांधायला घेतला, तेव्हा भूतानने निषेध नोंदवला तो दिल्लीतून. त्यांच्या इथल्या राजदूतांनी चीनच्या इथल्या दूतावासाला तो कळवला. दोन्ही इमारती चाणक्यपुरीतच! पुढे आपले सैनिक तिथे ७३ दिवस उभे होते, तेव्हा भूतानचा हा स्वतःचा निषेध किती मोलाचा होता, याचा विचार करा.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या लशीचे दीड लाख डोस भूतानला गेले. मुंबईहून विमान निघाल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पुढे आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. दिलेली मदत फोटोत येते. थांबलेली मदत मित्राला समजावून सांगावी लागते, त्याचा फोटो कुणी काढत नाही. मैत्री मात्र त्यावरच टिकते.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये भूतान आणि चीनने सीमाप्रश्नासाठी तीन टप्प्यांचा आराखडा मान्य केला. चीनला भूतानशी राजनैतिक संबंधही हवे आहेत. उद्या थिम्फूत चीनचा झेंडा लागू द्यायचा की नाही, हे भूतान ठरवेल. ते रोखायला आपण धमकीची भाषा वापरली तर २०१३ ची पुनरावृत्ती होईल.

माझ्या मते चांगला राजदूत तो, जो आपल्याच सरकारला न आवडणारी गोष्ट वेळेवर कळवतो. गोड बोलायला नेते आहेतच की!

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने लिहा, फक्त भाषा सांभाळा.