खाज थांबते, रोग वाढतो

गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण दवाखान्यात आला. बराच वेळ सर्दीबद्दलच बोलत राहिला. कंपाउंडर बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टर, जांघेत खाज आहे. आठ महिने झाले.’’ खिशातून त्याने पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब काढली. मेडिकलमधून मागून आणलेली. लावली की दोन दिवसांत आराम, थांबवली की खाज दुप्पट. तपासले तर गजकर्णाचे चट्टे कमरेपर्यंत पसरलेले आणि जांघेतल्या कातडीवर पांढुरके वळ. गजकर्ण बरे होईल, ते वळ मात्र बहुधा जन्मभर राहतील.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे रुग्ण मी रोज पाहतो. दमट हवा, लोकलची गर्दी, घामाने भिजलेले कपडे दहा-बारा तास अंगावर. त्यात घट्ट जीन्स, नायलॉनचा युनिफॉर्म, गमबूट. जांघ, काख, स्तनांखालची जागा, पोटाच्या वळ्या, बायकांच्या परकराच्या नाडीखालची कंबर, पायाच्या बोटांची बेचकी, इथे घाम सुकत नाही आणि बुरशीचे फावते.

आता ती ट्यूब. तिच्यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि जोडीला स्टिरॉइडही असते. स्टिरॉइडने खाज लगेच दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशीला रान मोकळे मिळते. चट्ट्याची गोल कड पुसली जाते आणि मग तपासणारा डॉक्टरही फसतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही माझ्या टेबलावर अशा ट्यूब येतच आहेत.

हा प्रश्न केवळ खाजेचा राहिलेला नाही. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत व नेपाळच्या रुग्णांत आढळलेल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन हे आपले हुकमी औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. आज ती युरोप-अमेरिकेतही सापडते. आपल्या देशाचे नाव अशा कारणाने जगात जावे, याचे वाईट वाटते.

दोष एकट्या केमिस्टचा नाही. मीही कित्येक वर्षे अशीच मलमे लिहून दिली आहेत. दोन दिवसांत आराम पडला की रुग्ण खूष, नाही पडला तर तो डॉक्टर बदलतो. पण ही सबब आता पुरे. माझे स्पष्ट मत आहे की केमिस्टने असे मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि आम्ही जनरल प्रॅक्टिशनरांनी गजकर्णावर ते लिहू नये. रोजंदारीवरच्या माणसाला स्किन स्पेशालिस्टची फी परवडत नाही. त्याला योग्य औषध देण्याची जबाबदारी आमचीच आहे.

वाचकहो, तुमच्याही हातात बरेच आहे. खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका. डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्या. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सर्वांचे उपचार एकाच वेळी करा, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. अंघोळीनंतर घड्या नीट कोरड्या करा. सैल सुती कपडे वापरा, ते उन्हात वाळवा. पावसाळ्यात दोरीवर कपडे दमटच राहतात, तेव्हा आतले कपडे उलटे करून इस्त्री फिरवा.

प्रत्येक लाली गजकर्ण नसते. घडीत ओलसर, लालभडक, चुरचुरणारी कातडी हे वेगळ्या बुरशीचे लक्षण असू शकते, आणि ते पुन्हा पुन्हा झाले तर रक्तातली साखर तपासून घ्या. असा त्रास घेऊन आलेल्यांचा मधुमेह मी कित्येकदा प्रथमच पकडला आहे. तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळ्यांना तर घरातले मोठ्यांचे मलम मुळीच लावू नका.

त्या तरुणाने आठ महिने घालवले ते लाजेपोटी. पहिल्याच आठवड्यात तो आला असता, तर साध्या औषधाने काम भागले असते. जांघेतला रोग हा तापासारखाच रोग आहे. डॉक्टरांपुढे त्याची लाज कसली?