घरात पहिले रिव्हॉल्वर येण्यापूर्वी



या सदरात आजवर आपण रेशनकार्ड, ग्रॅच्युइटी, जातपडताळणी, भाड्याच्या खोलीचा करारनामा अशा विषयांवर बोललो. या खेपेला मराठवाड्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचे नाव-गाव छापत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. गायरानाच्या दोन एकरांवरून मारहाण झाली, त्यांच्या यजमानांनी अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली, आरोपी जामिनावर सुटून आले. आरोपींपैकी एकाच्या घरी परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. रात्री मोटारसायकल येऊन दारासमोर थांबते, दिवा मारते आणि जाते. मुलगा चाकणला कंपनीत कामाला आहे. तो म्हणतो, आई, आपण पिस्तूल घेऊ. त्याच्या ओळखीचा कोणीतरी बिगरपरवान्याचे "सामान" स्वस्तात आणून देतो म्हणाला आहे. ताई लिहितात, "भाऊ, तुम्ही फौजेत होता, तुम्हाला कळतं. घ्यायचं तर कोणतं घ्यावं, का घेऊच नये?"

मी पलटणीत हवालदार होतो आणि बरीच वर्षे कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात काढली. म्हणून या पत्राला उत्तर देणे मला टाळता येत नाही.

काही वाचक म्हणतील, बुद्धाच्या अनुयायाच्या घरात हत्यार कशाला? प्रश्न रास्त आहे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, हेही आपण वाचले आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना थोपवले. आणि त्याच बाबासाहेबांनी महार बटालियनसाठी सरकारदरबारी झगडा केला, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा शस्त्र विटाळ आहे असे मी म्हणणार नाही, आणि शस्त्राने प्रश्न सुटतो असेही म्हणणार नाही. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी आपली दहा माणसे गोळीबारात गेली. बंदुकीचे दुसरे टोक आपल्या समाजाने पाहिलेले आहे.

आधी "सामाना"चे बोलू. गावठी कट्टा घरात आणू नका. त्याची नळी साध्या पाइपाची, पोलाद कसले ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते. गोळी पुढे जाण्याऐवजी मागे फुटते आणि बोटे जातात. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. बिगरपरवाना शस्त्र जवळ सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. समोरची मंडळी याचीच वाट पाहत असतात. ताई, आज तुमचे यजमान फिर्यादी आहेत. कट्टा सापडला की तुमचा मुलगा आरोपी होईल आणि गावातले पंच "दोन्हीकडून मिटवा" म्हणून तुमच्या दारात येतील.

आता कायद्याची बाजू, जी आपल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. अत्याचार प्रतिबंध कायद्याचे १९९५ चे नियम काढा, त्यातला नियम ३ वाचा. जिथे अत्याचाराची भीती आहे असा भाग निश्चित करून तिथे काय काय करायचे ते त्यात लिहिले आहे. जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाना देता येतो. आणि त्याच नियमात, जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारजमा करता येतात. त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची आणि गडीमाणसांचीसुद्धा. माझ्या मते ताईंना या दुसऱ्या भागाचा उपयोग जास्त आहे. तुमच्या घरात एक रिव्हॉल्वर येण्यापेक्षा समोरच्या घरातली बारा बोअर बाहेर जाणे हे जास्त सुरक्षित. म्हणून अर्ज दोन करा. पहिला आरोपीचा परवाना रद्द करण्याचा, दुसरा स्वतःच्या परवान्याचा. पहिल्या अर्जात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ लिहा. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. जिल्हाधिकारी हेच जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीचे अध्यक्ष असतात, एक प्रत समितीच्या नावानेही द्या. जातीचा दाखला जोडायला विसरू नका. बौद्ध झाल्यावर हे संरक्षण राहत नाही असे अजूनही कोणी कोणी ऐकवतो. १९९० च्या दुरुस्तीपासून ती बोलाची कढी आहे.

परवान्याचा अर्ज गावाकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवे. डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण लागते, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो. कारकून म्हणेल, "तुमच्याकडे इस्टेट काय आहे की बंदूक पाहिजे?" तेव्हा शांतपणे सांगा की शस्त्र कायदा १९५९, कलम १४, पोटकलम २. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा. नाकारलाच तर कारण लेखी मागा, त्यावर कलम १८ खाली अपील आहे.

परवाना कोणाच्या नावाने काढायचा, यात बहुतेक घरे चुकतात. ज्याच्या नावाने परवाना, शस्त्र त्याच्याच ताब्यात राहिले पाहिजे. ताई, मुलाच्या नावाने काढला तर रिव्हॉल्वर त्याच्याबरोबर चाकणला जाईल, आणि मोटारसायकल तुमच्या दारासमोर थांबेल. तो ते तुमच्या हाती देऊन गेला तर तुम्ही दोघेही गुन्ह्यात सापडाल. रात्री घरात कोण असते? यजमान असतील तर त्यांच्या नावाने. ते बाहेरगावी मजुरीला जात असतील तर तुमच्या नावाने का नको? बाईमाणसाच्या नावाने अर्ज पाहून कचेरीत हसतील. हसू द्या.

आता खुद्द शस्त्राकडे येतो. ९ मि.मी. वगैरे लष्करी मापाची पिस्तुले सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, सिनेमात पाहून मुलाने हट्ट धरू नये. परवान्यावर बहुतेक .३२ चे रिव्हॉल्वर किंवा .३२ चे पिस्तूल मिळते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर जुने आणि चालते आहे. दिल्लीच्या त्या मुलीच्या प्रकरणानंतर २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्वर निघाले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. बाईच्या रक्षणाला सव्वा लाख, मग मजुराच्या बाईने काय करावे, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. २०२३ मध्ये 'प्रबल' आले, त्याची चक्री बाजूला उघडते. किमती लाखाच्या पुढेच समजा. म्हणजे दोन एकर गायरानवाल्याच्या घरात हा कर्जाचाच विषय होतो, तेव्हा अर्जाआधी घरात बसून हिशेब करा.

नवख्या माणसाने पिस्तूल घेऊ नये, रिव्हॉल्वर घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. पिस्तुलाचे मॅगझीन काढले की माणसाला वाटते रिकामे झाले. पण एक गोळी वर नळीत बसलेली असते. आमच्याकडे ड्युटी संपवून आलेला एक चांगला शिकलेला जवान मॅगझीन काढून चाप दाबून मोकळा झाला, गोळी वाळूच्या पेटीत गेली. पेटी तिथे होती म्हणून निभावले. नियम होता म्हणून पेटी होती. घरात वाळूची पेटी नसते, पलीकडच्या खोलीत पोरे झोपलेली असतात. रिव्हॉल्वरचे तसे नाही. जुन्या कानपुरी रिव्हॉल्वरची नळी खाली झुकवली की सहाही घरे डोळ्यांसमोर उघडी होतात, टरफले वर उचलली जातात. भरले की रिकामे ते कंदिलाच्या उजेडातही दिसते. शिवाय त्यात गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलात अडकलेली गोळी काढायला सराव लागतो, आणि घाबरलेल्या माणसाची बोटे सराव विसरतात.

दुकानात गेलात की ज्याच्या नावाने परवाना आहे त्यानेच ते हातात धरून पाहावे. रिकामे आहे ना ते आधी स्वतः उघडून बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नळी जमिनीकडे धरा. मूठ पूर्ण हातात बसते का, बोटाचे पहिले पेर चापावर सरळ येते का ते पाहा. घोडा न चढवता नुसता चाप ओढून पाहा, पण दुकानदाराची परवानगी घेऊन. रिव्हॉल्वरचा चाप जड असतो. ताईंच्या हाताला तो ओढताना नळी थरथरत असेल तर दुसरे बघा. आणि हलके ते चांगले असे समजू नका. हलके शस्त्र झटका जास्त देते, दुसरी गोळी भलतीकडे जाते. कमरेला दिवसभर लावायचे नसेल, घरातच ठेवायचे असेल, तर थोडे जड घ्या.

जुने विलायती घेऊ नका असे मी म्हणत नाही, पण त्याची किंमत नावाची असते. घ्यायचेच तर नळीतून उजेडाकडे बघा, आत गंजाचे खड्डे नकोत. घोडा चढवून चक्री हलवून पाहा, खुळखुळली तर सोडून द्या. शस्त्रावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. गोळ्या परवान्यावर लिहिल्या तेवढ्याच, त्याही परवानाधारक दुकानातूनच आणि पावतीसह.

एक खरे सांगतो, आखूड नळीचे शस्त्र चालवायला सर्वांत अवघड. रायफलीवर चांगला नेम असलेले जवान पिस्तुलावर दहा पावलांवरचा पुठ्ठा चुकवताना मी पाहिले आहेत. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शिकलो असे नाही. वर्षातून दोनदा तरी मान्य रेंजवर जाणे झाले नाही तर ते रिव्हॉल्वर म्हणजे पेटीत ठेवलेला महागडा लोखंडाचा तुकडा आहे. शेतवस्तीवर राहणाऱ्याला खरे तर बंदूक बरी, दोन हातांनी खांद्याला लावून धरता येते आणि दिसते म्हणून धाकही राहतो. पण ताईंचे घर वस्तीत आहे, दोन्हीकडे भिंतीला भिंत. तिथे गोळी कुठे थांबेल याचा विचार शस्त्र घेण्याआधीच करायचा असतो.

आता घरातले सांगतो, आणि हे मी पुरुष वाचकांना सांगतो आहे. आपल्या वस्त्यांमध्ये दारू आहे, कर्ज आहे, नवरा-बायकोची भांडणे आहेत, परीक्षेत नापास झालेली पोरे आहेत. ज्या घरात कोणी दारू पितो, त्या घराने शस्त्राचा विचार सोडून द्यावा. ज्या घरात कोणी मनाने खचला आहे, त्यानेही. विहिरीपर्यंत चालत जाताना माणसाचे मन वळते, उशाखालच्या रिव्हॉल्वरला तेवढा वेळ लागत नाही. बाकीच्यांनी शस्त्र रिकामे करून लोखंडी पेटीत, भिंतीला बोल्ट मारून, कुलपात ठेवावे. काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, खुंटीला नाही. बाबांच्या बॅगेत काय आहे हे पोराला माहीत नाही असे समजणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत, पोराला सगळे माहीत असते. लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर ते मुकाट्याने जमा करा, पावती घ्या. आणि समोरच्यानेही जमा केले की नाही, ते ठाण्यात लेखी विचारा.

ताई, तुमच्या पत्रात एक ओळ होती की यजमानांना रात्री झोप लागत नाही, उठून दाराशी बसतात. त्यांना एकट्याने बसू देऊ नका. विहारातल्या चार तरुणांना पाळीने झोपायला बोलवा. मोटारसायकल आली की नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा आणि दर वेळी ठाण्यात अर्ज द्या. परवान्याच्या अर्जाला तीच वही सर्वांत मोठा पुरावा ठरेल. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावतीची झेरॉक्स मला साप्ताहिकाच्या पत्त्यावर धाडा. मुलाला म्हणावे, त्या ओळखीच्या माणसाला दिलेले बयाणे असेल तर ते बुडाले समज, मागायला जाऊ नकोस.

जयभीम.