विश्वाचा पसारा आणि बाजारातील दिवे

खगोलशास्त्रातील मोठ्या कल्पना सामान्य वाचकाला सांगू पाहणारे लेखन बहुधा विस्मयाच्या आश्रयाने उभे राहते. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात, विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, असे आकडे एकामागून एक पुढे येतात आणि वाचक थक्क होतो. परंतु थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे. हे अंतर कोणी व कोणत्या मापाने मोजले हे सांगितलेच नाही, तर वैज्ञानिकाचा आकडा आणि पुराणांतील कल्पांचा आकडा यांत वाचकाच्या लेखी भेद तो काय राहणार? दोन्ही त्याला श्रद्धेनेच स्वीकारावे लागतात.

यावर ‘रात्री आकाश पाहा’ असा उपाय नेहमी सुचविला जातो. दिल्लीच्या सरोजिनी नगरात राहणाऱ्या कुटुंबाला हा उपदेश फारसा उपयोगी नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ही जुनी वसाहत. तिच्या सखल घरांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. बाजारातील दिव्यांच्या झगमगाटात आणि हिवाळ्यातील धूरधुक्यात आकाशगंगेचा पट्टा तेथून दिसणे शक्य नाही. तीन मूर्ती भवनाच्या आवारात १९८४ साली तारांगण उघडले, हे खरे. पण घुमटावरील तारेही दिपवतात, मोजमाप शिकवीत नाहीत.

वस्तुतः ज्या दिव्यांनी आकाश हिरावून घेतले, तेच दिवे आकाशाचे माप शिकवू शकतात. एकाच जातीचे दोन दिवे घ्यावेत. दुप्पट अंतरावरचा दिवा चौथ्या हिश्शाने प्रकाश देतो, तिप्पट अंतरावरचा नवव्या हिश्शाने. दिव्याची मूळ शक्ती ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. अडचण एवढीच, की ताऱ्यावर त्याचे वॅट लिहिलेले नसतात. ती अडचण हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन विदुषीने दूर केली. लघु मॅगेलन मेघातील काही ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीअधिक होते; हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा नियम तिने १९१२ साली मांडला. याच नियमाच्या आधारे पुढे एडविन हबलने देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे, हे दाखवून दिले. ‘२५ लाख’ या आकड्याची पाळेमुळे अशी भाजीवाल्याच्या दिव्यापर्यंत नेता येतात.

विश्वाच्या प्रसरणाचेही तसेच. सरोजिनी नगरला रिंग रेल्वेचा थांबा आहे. जवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढी ऐकू येते, दूर जाताना ती उतरते. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला आढळतो, तो याच न्यायाने, असे सांगण्याची प्रथा आहे. आरंभाला हा दृष्टांत ठीक. मात्र दीर्घिका अवकाशातून गाडीप्रमाणे धावत नाहीत. अवकाशच ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशलहरीही. दृष्टांत कोठे सोडावा हे न सांगणारा लेखक वाचकाला स्थानकावरच ठेवून जातो.

परिभाषेचे दोष याहून सूक्ष्म असतात. फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसीच्या नभोवाणीवर ‘बिग बँग’ असे म्हटले. मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला. हा शब्द उच्चारताच बॉम्ब फुटल्याचे चित्र उभे राहते आणि ‘कोणत्या ठिकाणी?’ असा प्रश्न उद्भवतो. तसे एक ठिकाण नव्हतेच. ‘कृष्णविवर’ हा शब्द सुंदर खराच, पण त्यातील ‘विवर’ सर्व काही ओढून घेणाऱ्या भोकाची कल्पना रुजवते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल आणि पृथ्वी पूर्वीच्याच कक्षेत फिरत राहील. हे शब्द आता रूढ झाले आहेत, ते बदलण्याचा खटाटोप व्यर्थ होय. परंतु प्रत्येक वापरासोबत एक खुलासा देणे लेखकाला भाग आहे.

या संदर्भात जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे उदाहरण मननीय ठरते. बनारसला वाढलेल्या या शास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली. त्यांच्या कथांतील पात्रे कित्येकदा कल्पना वाहून नेणारे हमालच वाटतात, हे नमूद करावयास हवे. पण महास्फोटाचा सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मान्य केला असताना त्यांनी आपला मतभेद लपविला नाही. १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासमवेत पर्यायी प्रतिमानही मांडले. ते बहुतेकांना पटले नाही. असे वाद सामान्य वाचकापुढे ठेवल्यास विज्ञानावरील त्याचा विश्वास डळमळेल आणि ज्योतिष्याचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. ज्योतिष्याचे फावते ते ‘कसे कळले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय नसल्यामुळे. नारळीकरांनी सहकाऱ्यांसह २००८ साली तोच प्रश्न विचारला: प्रत्येकी ४० पत्रिका देऊन त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या, एवढेच सांगावयाचे होते. २७ ज्योतिष्यांची उत्तरे आली. त्यांतील सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवूनही निम्मी बरोबर आली असती.