पिल्लाची चूक नाही, टायमिंग तुमचं चुकलंय

गेल्या सहा महिन्यांत मला एकाच प्रश्नाचे चार फोन आले. दोन पुणं सोडून कोल्हापुरात घरून काम करणाऱ्या मित्रांचे, एक ऑफिसातल्या ज्युनिअरचा आणि एक चक्क मावसभावाच्या सासऱ्यांचा. प्रश्न मात्र सेम टू सेम. "भावा, कुत्रं घेतलंय. शित्झू हाय. पण लै मुतायलंय की रं घरात! काय करू?" (सासऱ्यांनी 'भावा' म्हटलं नाही, एवढाच फरक.)

मी उलटा प्रश्न टाकतो, "खायला किती वाजता देतोस?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "तसं काय फिक्स टायमिंग नाही. वाटी भरलेलीच असते. आणि आम्ही जेवताना शेजारी बसतंच की, मग द्यायचा एखादा घास."

झालं! बग इथंच आहे आणि लोक तो फरशीवर शोधत बसलेत.

आपल्याकडे कुत्र्याची दोन वेगळी खाती असतात. खायला घालणं म्हणजे लाड, ते खातं आईकडं. शी-शू म्हणजे शिस्त, ते खातं बाबांकडं. एक खातं दिवसभर घास भरवतं, दुसरं संध्याकाळी पेपरची गुंडाळी करून फटके देतं. पण पिल्लू ही एकच पाइपलाइन आहे हो. इनपुट ठरलेल्या वेळी गेलं तर आउटपुट ठरलेल्या वेळी येणार. इनपुट अखंड चालू ठेवलं तर आउटपुटही अखंड. यात पिल्लाचा काय गुन्हा?

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण घरात साडेपाच किलोंचा बंड्या सहा वर्षं नांदतोय (घेताना पॉमेरेनियन म्हणून घेतला, प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ. भारतात 'पॉमेरियन' म्हणून विकली जाणारी बहुतेक कुत्री हीच असतात. असो.) त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मी राखून ठेवलाय.

आधी खाण्याचं बोलू, कारण खरा गोंधळ तिथं आहे. ज्या गावानं २०१९ मध्ये मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन केलं, त्या गावात रविवारी कुत्र्याच्या वाट्याला काय येणार हे सांगायला नको. नळी चोखून झाली की हाड खाली, आणि वर तांबड्या रश्श्यात कुस्करलेली चपाती. "खाऊ दे की, त्याचा पण रविवार हाय!" प्रेम आहे, मान्य. पण त्या रश्श्यात कांदा आहे, लसूण आहे, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शिजवल्यानं हा गुण जात नाही. पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून चालतो, असं एका वहिनींनी मला ठामपणे सांगितलं होतं. प्रश्न तिखटाचा नाहीच, वहिनी! किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याला बाधू शकतो. दोन महिन्यांचं शित्झू असतं जेमतेम दीड किलोचं. म्हणजे मध्यम आकाराचा पाव ते अर्धा कांदा झाला. लसूण त्याहून जहाल. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी पिल्लू मलूल पडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, तोवर रविवारचा रस्सा सगळे विसरलेले असतात.

शिजवलेलं हाड तर आणखी वाईट. ते तुटताना त्याच्या अणकुचीदार चिपा होतात. त्या घशात, आतड्यात कुठंही अडकतात. हाड हा कुत्र्याचा जन्मसिद्ध हक्क आहे हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की नको म्हणणारा माणूस कंजूष वाटतो.

शेजारच्या तासगावचे बेदाणे हा दुसरा शत्रू. शिऱ्यातला बेदाणा, प्रसादातला बेदाणा, "एकानं काय होतंय" म्हणून दिलेला बेदाणा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आमटीचा घासही राहू द्या.

आणि दूध! गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास तोंडाला लावणाऱ्या माणसाला, दूध कुणाला तरी बाधतं हे पटवणं म्हणजे कठीण काम आहे. पण कुत्रीच्या दुधात लॅक्टोज साधारण ३ टक्के, म्हशीच्या दुधात ५ च्या आसपास. त्यात आईचं दूध तुटल्यावर लॅक्टोज पचवायची पिल्लाची ताकद कमी होत जाते. मग वाटीभर दूध प्यायलं की जुलाब. जुलाब झाले की हॉलभर घाण. घाण झाली की फटके. बघा, सुरुवात कुठून झाली आणि मार कुणाला बसला!

आता तुम्ही म्हणाल, "गावाकडं कुत्री दूध-भाकरी खाऊनच जगतात की!" जगतात. म्हणजे जी जगतात ती दिसतात. जी पिल्लं मेली त्यांचा डेटा कुणाकडं आहे? शिवाय शेतावरचं कुत्रं भाकरीवर भागवत नाही, ते दिवसभर बाहेर फिरून काय काय खातं हे मालकालाही माहीत नसतं. तुमचं शित्झू तिसऱ्या मजल्यावर कोंडलेलं आहे. तुम्ही जे घालाल तेवढंच त्याचं जग. भाकरी विष नाही, पण वाढत्या पिल्लाचं ते पूर्ण अन्नही नाही. नुसता चिकन-भात सुद्धा नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, आणि हाडं धरायच्या वयात हे गणित बिघडलं की पाय वाकतात. घरचंच घालायचं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. नाहीतर लहान जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं घाला, पाकिटावर वजनानुसार ग्रॅम छापलेले असतात. ग्लुकोज बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, तो आहार नव्हे.

किती वेळा? दोन-तीन महिन्यांच्या छोट्या जातीला दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पुढं सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचलायची. पाणी मात्र दिवसभर समोर.

इथं एका भयंकर युक्तीबद्दल बोलायलाच हवं. "रात्री खायला-प्यायला दिलं नाही की मुतत नाही." हा सल्ला आपल्या गावात सर्रास फिरतो. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतोच. काही तास पोट रिकामं राहिलं की साखर खाली येते. अंग थरथरतं, मान टाकतं, झटके येतात, वेळेत उपचार नाही मिळाले तर मरतं. आमच्याच गल्लीत एका घरानं सात आठवड्यांच्या पिल्लाला संध्याकाळी सहानंतर अन्नपाणी बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गादीवर चिंधीसारखं पडलं होतं. हिरड्यांना मध चोळून दवाखान्यात पळवलं, सलाईन लावली, वाचलं. आणि पंधरा दिवसांनी "घाणच लै करतंय" म्हणून देऊन टाकलं. त्यानंतर ते दोन घरं फिरल्याचं मला माहीत आहे.

आता माराबद्दल. "नाक घासायचं मुतात, म्हणजे कळतं." काय कळतं? कुत्रं शिक्षेचा संबंध त्या सेकंदाला जे चालू आहे त्याच्याशी जोडतं. तुम्ही संध्याकाळी सातला कॉल संपवून बाहेर आलात, डबकं बघितलंत आणि फटका दिलात, तर ते एवढंच शिकलं की बाबा दार उघडून आले की मार बसतो. आणि नेमकं शू करताना मारलंत तर ते शिकतं की माणसासमोर करायची नाही. मग ते सोफ्यामागं जातं, आणि तुम्ही म्हणता "बघा, कसं लबाड आहे, लपून करतंय!" लबाड नाही हो, तुम्हीच शिकवलंय.

"पण त्याला कळतं, चेहरा बघा कसा अपराधी करतंय!" हाही एक लाडका पुरावा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. मालकाला सांगितलं की कुत्र्यानं नको म्हटलेला खाऊ खाल्ला, मग त्यानं खाल्लेला असो वा नसो. अपराधी चेहरा दिसला तो मालक ओरडल्यावर. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचाच चेहरा जास्त पडला. तो चेहरा कबुलीजबाब नाही, भीती आहे.

करायचं काय ते रटाळ आहे, म्हणूनच कुणी करत नाही. पिल्लाला जितके महिने झाले त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते कसंबसं रोखू शकतं. छोट्या जातीत त्याहून कमीच धरा. झोपेतून उठलं की, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांनी, खेळून झालं की, झोपायच्या आधी, आणि रात्री एकदा अलार्म लावून, दर वेळी उचलून त्याच एका जागी न्यायचं. झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा कण. घरात येऊन दिलेली शाबासकी वाया जाते. चुकलं तर गप पुसायचं. फिनेलनं नको, त्याचा वास आपल्याला येतो, त्याच्याखालचा मुताचा वास कुत्र्याला येतोच. एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वापरा. आणि ज्या पेपरची गुंडाळी करता तोच उलगडून बाल्कनीत अंथरा. कुठलाही पेपर चालेल, पिल्लू पक्ष बघत नाही.

साधी एक्सेल शीट करा. खाल्लं कधी, केलं कधी. बंड्याच्या पहिल्या तीन आठवड्यांची शीट माझ्याकडे अजून आहे. बहुतेक नोंदी जेवणानंतरच्या वीस मिनिटांतल्या. चार दिवसांत पॅटर्न दिसतो. आपण सर्व्हरचे लॉग रात्री दोनला उठून वाचतो, हे का नाही?

लगेच रंकाळ्यावर मात्र नेऊ नका. लसीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, आणि पार्व्हो जमिनीवरूनच घरी येतो. तोवर गच्ची किंवा बाल्कनी. फिरवायचंच तर कडेवर, गाड्या-माणसं बघू देत.

एक मूळ अजून खोल आहे. विकणारा म्हणतो, "४५ दिवसांचं हाय, एकदम हेल्दी." २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ५६ दिवस. हे ११ दिवस लोकांना किरकोळ वाटतात. पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासून झोपायच्या जागेतून बाजूला सरकून शी-शू करायला लागतात, ही सवय उपजत असते. पण जाळीच्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत झोपवलेल्या पिल्लाची ती मोडून जाते. ते तुमच्याकडे येतं तेच बिघडून, आणि शिक्षा पिंजरेवाल्याला नाही, त्याला. तेव्हा पिल्लू घेण्याआधी त्याची आई आणि ती राहते ती जागा बघायला मागा. दाखवत नसेल तर उठून या. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीनं घराघरात पग आले, आता रीलमुळं शित्झू येतायत. पिंजरे तेच.

आणि दोघंही नऊ तास बाहेर असाल, घरी दुपारी कुणी नसेल, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणूच नका. मोठं, सवय लागलेलं कुत्रं दत्तक घ्या. घरून काम असेल तरी पहिले तीन आठवडे कॅलेंडरवर ब्लॉक करा. जुलै-ऑगस्टात नको, कोल्हापूरच्या पावसात गच्चीवर न्यायची पंचाईत होते. दिवाळीत नको, फटाके. रिलीजच्या महिन्यात तर नकोच. डिसेंबरात क्लायंट सुट्टीवर असतो, तेव्हा आणा.