व्हीलचेअर आहे, पण फलाटाच्या कोणत्या टोकाला?

लोंढा जंक्शन कर्नाटकातील खानापूर तालुक्यात असले, तरी गोमंतकाच्या रेल्वेप्रवासाचे ते जुने दार आहे. कुळेहून घाट चढून कॅसलरॉकमार्गे आलेली गाडी येथून बेळगाव-मिरजेकडे किंवा हुबळीकडे जाते. बेळगावकडे जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसची दिशा येथे बदलते. इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि शेवटचा डबा पहिला होतो. धडधाकट प्रवाशाला त्याचे काही वाटत नाही. दिव्यांगांसाठी राखीव डबा मात्र बहुधा गाडीच्या टोकालाच असतो. मडगावला पुढे असलेला तो डबा बेळगावला मागे येतो. व्हीलचेअर घेतलेला मदतनीस चुकीच्या टोकाला उभा राहिला, तर थांब्याची मोजकी मिनिटे फलाट ओलांडण्यातच संपतात.

अशा चुकामुकीचे कारण बहुधा साधनांचा अभाव नसून निरोपाचा अभाव असते. घाटातील चढ सदतिसास एक इतका तीव्र असल्याने गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. पावसाळ्यात दरडींची भीती असते. गाडीला उशीर झाला, की मदतनिसाची पाळी बदलते, ठरवलेली रिक्षा निघून जाते, शेवटची बस सुटते. येथे तर रेल्वे केंद्राची, कदंबची बस गोव्याची आणि वायव्य कर्नाटक परिवहनची बस शेजारच्या राज्याची. प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तरी दोन सेवांच्या सांध्यावर प्रवासी एकटाच उरू शकतो.

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके व वाहने सुगम करण्याबरोबरच वैयक्तिक वावरासाठी साहाय्याचाही उल्लेख आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. तथापि रॅम्पचा उतार किंवा दरवाजाची रुंदी निकषात बसवणे सोपे. माणूस वेळेवर पोहोचला का, हे मोजणे अवघड.

अमेरिकेत नेमके तेच मोजण्याचा प्रयत्न झाला. 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्याखालील नियमांनुसार, दारापाशी येणारी वाहने मोठ्या प्रमाणावर उशिरा येऊ लागली किंवा फेऱ्या चुकू लागल्या, तर तो सेवेवर बेकायदा मर्यादा घालण्याचा प्रकार ठरतो. प्रवासी वारंवार गैरहजर राहिल्यास सेवा काही काळ थांबवता येते. परंतु त्याच्या आवाक्याबाहेरील कारणाने चुकलेली फेरी त्याच्या माथी मारता येत नाही. तेथेही तक्रारी संपलेल्या नाहीत, पण चूक कोणाची, हा प्रश्न नोंदवहीत आला.

लोंढ्यासारख्या ठिकाणी याहून मोठी यंत्रणा लागणार नाही. मदतीच्या प्रत्येक मागणीला क्रमांक, जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव, गाडीच्या उशिराबरोबर आपोआप सरकणारी वेळ, डबा कोणत्या टोकाला येईल याचा आधीच्या स्थानकातून निरोप आणि पुढच्या बसच्या वाहकाला सूचना, एवढे पुरेसे आहे. शेवटी एकच नोंद हवी: प्रवासी पुढच्या वाहनात बसला की नाही, आणि नसल्यास का. यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. अडचण आहे ती ही नोंद कोणी ठेवायची, याची.

2011 च्या जनगणनेत गोव्यात 33,012 दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. 2023 पासून पर्पल फेस्टच्या निमित्ताने राज्याने सर्वसमावेशकतेचा झेंडा उंचावला आहे. तो राज्याच्या सीमेवर खाली ठेवायचा नसेल, तर कदंब महामंडळ आणि राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांनी नैऋत्य रेल्वे व कर्नाटकाशी या एका सांध्यापुरता तरी लेखी करार करावा. व्हीलचेअर किती आहेत, हे विचारून झाले. किती जण मागे राहिले, हा आकडा आता दरमहा प्रसिद्ध झाला पाहिजे.