कोठार एक, दारे अनेक

पुण्यात ग्रंथांची कोठारे उदंड आहेत. वाण आहे ती दारांची. डेक्कन जिमखान्यावरील गोखले अर्थशास्त्र संस्थेचेच पाहा. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली जुनी पुस्तके व अहवाल पानन् पान टिपून ‘डी-स्पेस’ नावाच्या प्रणालीवर ठेवले. छदामही न देता कोणीही ते वाचावे. त्या मंडळींचे उतराई होणे कठीण. माझे भांडण त्यांच्याशी नाहीच. भांडण आहे ते ‘पुस्तके महाजालावर चढली, आता आमचे कर्तव्य संपले’ म्हणून हात झटकणाऱ्या सुशिक्षितांशी.

संपले म्हणजे काय? माझ्या नववीच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला जुन्या दुष्काळाविषयी वाचावेसे वाटले तर त्याने काय करावे? अशा भांडाराचे दर्शनी पान संशोधकाच्या सोयीने रचलेले असते : लेखक, शीर्षक, वर्ष, विषय, आणि तेही बहुधा इंग्रजीत. पीएच.डी.वाल्याला ते पुरते. चौदा वर्षांच्या पोराला ‘विषय’ या रकान्यात काय लिहावे हेच ठाऊक नसते. ते ठाऊक असते तर तो तेथे शोधायला गेला तरी कशाला असता?

मराठी पुस्तकांची दशा तर विचारू नका. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी योजनेत हजारो मराठी पुस्तके टिपली गेली, पण त्यांची नावे नोंदली रोमन लिपीत, आणि तीही टंकणाऱ्याच्या लहरीप्रमाणे. एकटे ‘ज्ञ’ हे अक्षर घ्या. आपण मराठी माणसे त्याला डी-एन लावतो, संस्कृतचे पंडित जे-एन लावतात, हिंदीवाले जी-वाय. म्हणजे बिचाऱ्या ज्ञानकोशाला तीन वेषांत हुडकायचे! महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून १९६६ साली चिकित्सक आवृत्ती पुरी करणाऱ्या शहराला याची लाज वाटू नये? पुढे ते सरकारी संकेतस्थळ बंद पडले. ग्रंथ वाचले ते अमेरिकेतल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर त्यांच्या प्रती चढल्या म्हणून, नावांचा गोंधळही त्यांच्याबरोबर सातासमुद्रापार गेला.

यावर आमच्या संस्थाचालकांचे उत्तर ठरलेले : आपले स्वतंत्र संकेतस्थळ काढू. एका संस्थेचा हा सोहळा मी जवळून पाहिला. वर्गणी जमली, नारळ फुटला, पहिल्या पानावर अध्यक्षांचे हसरे छायाचित्र झळकले. तीन वर्षांनी नावाचे भाडे भरायचे राहिले, आणि अध्यक्षांबरोबर पुस्तकेही अदृश्य झाली. (अध्यक्षांचे छायाचित्र इतरत्र उपलब्ध आहे.)

वास्तविक एका कोठाराला अनेक दारे ठेवण्याची सोय आज हाताशी आहे. डी-स्पेस २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून काढली. ती फुकट मिळते. २०२१ साली आलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत तर कोठार आणि दर्शनी भाग चक्क वेगळे केले आहेत. पाने एका जागी राहतात. त्यांची नोंद दुसऱ्या संकेतस्थळाला मागून घेता येते. मग त्याच ग्रंथांवर शेतीच्या अभ्यासकासाठी एक दार, जुन्नरच्या शाळेसाठी दुसरे, देवनागरीतच शोधणाऱ्यासाठी तिसरे, असे का होऊ नये? सांभाळ एकाने करावा, दारे ज्याची त्याने घडवावी. शाळेचे दार मोडले तरी कोठारातला दाणा हलत नाही.

‘हे करील कोण, पैसा कुठला?’ असे विचारले जाते. पैशाचे निमित्त आहे हो! अडते ते मानापाशी. दुसऱ्याच्या कोठाराला दार बसवले तर त्यावर पाटी कोणाची लागायची, या प्रश्नावर आमच्या किती सभा मोडल्या असतील! मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने संगणकशास्त्रात तोंड घालू नये, असेही कोणी म्हणेल. नाही घालीत. परंतु पुस्तकांची नावे शुद्ध देवनागरीत लिहून काढणे हे मास्तराचेच काम आहे, आणि पुण्यात पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना काय तोटा? दिवाळीच्या सुटीत रोज पन्नास नोंदी लिहून द्यायला मी तयार आहे. त्या कोणत्या खिडकीवर नेऊन द्यावयाच्या, एवढे कोणी सांगेल काय?