टाळे लागल्यावर मस्टरवर नाव कुणाचे?



कारखाना एका दिवसात बुडत नाही. सात तारखेचा पगार वीस तारखेला होऊ लागतो. मग कच्चा माल येईनासा होतो, ओव्हरटाइम थांबतो, कॅन्टीन बंद होते. प्रॉव्हिडंट फंडाची कपात पगारातून होते, पण खात्यावर जमा होत नाही. आणि या सगळ्याच्या आधीच पॅकिंगमधल्या, असेंब्लीतल्या, झाडलोटीच्या कंत्राटी बाया कमी झालेल्या असतात. त्यांना कुणी नोटीस देत नाही. ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे सुपरवायझरने सांगितले की झाले. पुढे टाळे लागते तेव्हा इतके कामगार बेकार झाले अशी बातमी छापून येते. त्या आकड्यात या बाया नसतात.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या आपल्या गटांना हे चित्र नवे नाही. तरीही कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे अवसायनात निघाली की कामगारांचे देणे कसे ठरते, हा विषय आपण आजवर युनियनच्या पुढाऱ्यांवर आणि वकिलांवर सोपवत आलो. तो आपलाही विषय आहे, हे सांगण्यासाठी हे संपादकीय.

बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून कुणाचे पैसे आधी फेडायचे, याची कायद्याने लावलेली एक रांग असते. या रांगेत कामगारांना मिळालेली जागा आयती मिळालेली नाही. कंपनी बंद करण्याच्या अर्जावर कामगारांनाही आपले म्हणणे मांडता येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन’च्या खटल्यात मान्य केले. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांची थकबाकी तारण घेतलेल्या बँकांच्या कर्जाच्या बरोबरीने आली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी ठेवली, पण तिला मर्यादा घातली. प्रक्रियेचा खर्च सर्वांत आधी वजा होतो. त्यानंतर कामगारांची, अवसायन सुरू होण्याच्या आधीच्या फक्त २४ महिन्यांची थकबाकी आणि तारणावरचा ताबा सोडणाऱ्या बँकांचे कर्ज, अशी दोन्ही एका पायरीवर येतात. ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांचेच मिळते, तेही खालच्या पायरीवर. ही २४ महिन्यांची अट काढावी म्हणून मोझर बेअर कंपनीच्या कामगारांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २ मे २०२३ रोजी न्यायालयाने अट कायम ठेवली. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतले कामगारांचे पैसे मात्र या रांगेच्या बाहेर आहेत. ती कंपनीची मालमत्ताच नव्हे, असे संहिता म्हणते.

कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात काय होते ते मुंबईच्या जेट एअरवेजने दाखवले. १७ एप्रिल २०१९ ला तिचे शेवटचे विमान उडाले आणि हजारो स्त्रीपुरुष बेकार झाले. जूनमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने दिला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण कंपनी पुन्हा उभी करण्याची योजना अमलात आलीच नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितले. म्हणजे निकाल बाजूने लागूनही साडेपाच वर्षांनी कर्मचारी पुन्हा रांगेतच उभे. आणि ही शिकलेली, संघटित, वकील करू शकणारी माणसे होती.

दुसरे उदाहरण एबीजी शिपयार्डचे. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असतानाचा आपला पगार प्रक्रियेच्या खर्चात धरून सर्वांत आधी द्यावा, अशी दहेजच्या गोदीतल्या आणि मुंबई कार्यालयातल्या कामगारांची मागणी होती. १९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या काळात कंपनी चालू होती आणि आपण प्रत्यक्ष काम केले, हे दाखवता आले तरच तसा पगार मिळेल. नाहीतर तीही थकबाकी रांगेत जाईल. काम करायला तयार होतो, गेटवर बसून होतो, एवढे पुरत नाही. हजेरीचा पुरावा हवा.

पुरावा हा शब्द इथे नीट ऐकायला हवा. दिवाळखोरीच्या नियमांत अशी तरतूद आहे की कामगाराने स्वतः दावा केला नाही, तरी कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांवरून त्याचा दावा मान्य करता येतो. मस्टरवर नाव असलेल्याला वही सांभाळून घेऊ शकते. जिचे नाव वहीतच नाही तिने मात्र आपण इथे राबलो हे स्वतः सिद्ध करायचे. आणि वहीत नसणाऱ्यांत बायका किती, हे आपल्याला ठाऊक आहे. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक दिला जातो. दहा वर्षे त्याच टेबलावर त्याच वायरी जोडल्या तरी कागदोपत्री दर वेळी नवी बाई, नवा कंत्राटदार. मग ग्रॅच्युइटी कुठली आणि २४ महिन्यांची थकबाकी कुठली?

हे आजचे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९२९ चा प्रसूती लाभ कायदा, रात्रपाळीची बंदी, यंत्रांची फेररचना, एकेक कारण पुढे करून मालकांनी त्यांना कमी केले आणि पुरुषांच्या युनियनांनीही त्यावर फारसा लढा दिला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या, त्याच्या कितीतरी आधी बाई गिरणीबाहेर गेलेली होती. टाळे लागताना बाई आत नसते, म्हणून भरपाईच्या यादीतही नसते.

तेव्हा आपल्या गटांनी टाळ्याची वाट पाहू नये. वस्तीत बैठक घेतो तिथे एक जुनी पिशवी मागवावी. नेमणुकीचे पत्र, पगाराची स्लिप, हजेरी कार्ड, ई.एस.आय. कार्ड, पगार जमा होतो त्या बँकेचे पासबुक, या सगळ्याची झेरॉक्स घरात हवी, कारखान्याच्या कपाटात नव्हे. काहीच नसेल तर गेटपास, कंत्राटदाराचे नाव, सोबत काम करणाऱ्या चार जणींची नावे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी बंधनकारक केले आहे. ते लेखी मागावे, आणि एकटीने मागू नये. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९७० च्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा होतो का, हे दर तीन महिन्यांनी मोबाइलवर पाहायला शिकवावे. नवऱ्याच्या खात्यावर वारस म्हणून नाव कुणाचे आहे, हेही बाईला माहीत हवे. हिशेबाचा धनादेश येतो तेव्हा तो कशासाठी खर्च व्हावा यात तिला मत आहे.

प्रक्रिया सुरू झाली की वर्तमानपत्रात नोटीस येते आणि दाव्यासाठी सुरुवातीला फक्त १४ दिवस मिळतात. कामगाराचा स्वतःचा दावा ‘डी’ नमुन्यात, सर्वांच्या वतीने प्रतिनिधीचा ‘ई’ नमुन्यात. युनियन ही यादी करायला बसेल तेव्हा कंत्राटी बायांची नावे घेऊन आपण तिथे हजर असले पाहिजे. ‘या आपल्या मेंबर नाहीत’ हे उत्तर ऐकून परत यायचे नाही. थकलेल्या पगारासाठी युनियन स्वतःही दिवाळखोरीचा अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आहे.

निफाड, पळसे इथल्या सहकारी साखर कारखान्यांची धुराडी वर्षानुवर्षे थंड राहिलेली आपल्या जिल्ह्याने पाहिली. सहकारी कारखाना अवसायनात निघाला तर ही संहिता नव्हे, सहकार कायदा लागतो. तिथे निबंधकाने नेमलेल्या अवसायकाकडे जावे लागते. दार वेगळे, पण तिथेही कागदच विचारतात.

आणि कागद जमवणे म्हणजे लढा संपला असे नव्हे. कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीत बँकांना मत आहे, कामगारांना नाही. ते हवे. २४ महिन्यांची अट जायला हवी. नोटीस कारखान्याच्या गेटवर मराठीत लागायला हवी, कारण सुनावणी मुंबईत आणि कारभार इंग्रजीत चालतो. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन यायचे तर रोजंदारीवरच्या बाईचा एक दिवस बुडतो. मालकाच्या दिवाळखोरीत कामगारांच्या देण्याला संरक्षण देणारा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९२ मध्ये केला. भारताने तो मान्य केलेला नाही. जर्मनीत मालकांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून तीन महिन्यांपर्यंतचा बुडालेला पगार मिळतो, मालमत्ता विकली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. असा निधी इथेही मागायला हवा, आणि त्यात कंत्राटी बाई पहिल्या दिवसापासून धरलेली हवी.

येत्या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची यादी करावी: नाव, कारखाना, कंत्राटदार, किती वर्षे, कागद काय आहेत. मालकाने मस्टर ठेवले नसेल, तर आपण ठेवू.